उद्योजक घडतो कसा? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पूर्वार्ध वाचताना

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत फळ्यावर विषय होता, ‘उद्योजक जन्मतो की घडतो?’ कॉमर्सची मुलंही आली होती, त्यामुळे चर्चा चांगली रंगली. ‘धंदा रक्तातच असावा लागतो,’ असं एकाने सांगितलं. ‘लहानपणी चटके बसले की माणूस आपोआप जिद्दी होतो,’ असं एक मैत्रीण म्हणाली. तिसऱ्याने मोबाइलवरून मोठमोठ्या उद्योगपतींच्या गरिबीचे किस्से वाचून दाखवले. मी शेवटपर्यंत गप्प बसले. आमच्या घरात हा चर्चेचा विषय नाही, भांडणाचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

बैठक संपल्यावर सर म्हणाले, “बोलली नाहीस, तर लिहून दे. पण एक खरा माणूस घे. सुविचारांची यादी नको.” म्हणून हा लेख. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, अर्थशास्त्राची नाही. तेव्हा धंदा कसा करावा हे मी सांगणार नाही. एका माणसाच्या आयुष्याचा पहिला भाग नीट वाचून बघायचा, एवढंच माझं काम.

हाच माणूस का?

आपल्यापैकी बहुतेक जण बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून शेकडो वेळा गेले असतील. मीही जाते. कापड घ्यायला, चपला घ्यायला, कधी नुसतंच फिरायला. पण त्या रस्त्याला ते नाव का पडलं, हे मला अकरावीपर्यंत माहीत नव्हतं. लक्ष्मणराव आणि त्यांचे थोरले भाऊ रामुअण्णा यांचं सायकलींचं दुकान तिथे होतं. पुढे पंप आणि इंजिनं बनवणारा जो किर्लोस्कर उद्योगसमूह उभा राहिला, त्याची सुरुवात या दुकानापासून, म्हणजे 1888 पासून मोजली जाते.

दुसरं कारण आपल्या विषयाचं आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 1920 मध्ये कारखान्याचं वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आलं, 1934 मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. नांगराच्या कारखान्यातून मराठी साहित्याची एवढी मोठी शाखा फुटली, हे साहित्य मंडळाने विसरून चालणार नाही.

पूर्वार्ध, थोडक्यात

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावात 1843 मध्ये जन्मले. लक्ष्मणराव 11 वर्षांचे असताना अण्णासाहेबांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. म्हणजे वेगळी वाट धरणारा माणूस या गावाने आधीच एकदा बघितला होता.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदांताचे जाणकार. पोथी, पाठांतर, शास्त्रचर्चा असं ते घर. मुलाला मात्र दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढणं आणि यंत्रं. शाळेतल्या अभ्यासात त्याचं मन रमत नव्हतं. 1885 मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. वडिलांना हे फारसं पसंत नव्हतं. पाठीशी उभे राहिले ते रामुअण्णा.

इथून पुढे चाळिशीपर्यंतचे चार प्रसंग मी निवडले आहेत. ‘आरंभीचं आयुष्य’ म्हणजे फक्त बालपण असं मी धरलेलं नाही. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंतचा काळ, असा अर्थ मी घेतला आहे.

पहिला प्रसंग: रंग दिसले नाहीत

चित्रकला शिकायला गेलेल्या मुलाला साधारण दोन वर्षांनी कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्याला अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकाराच्या वाटेवर पुढे जाणं संपलं.

आपल्यापैकी कोणाला सेकंड इयरला असं सांगितलं तर? घरी काय तोंड दाखवायचं, हा पहिला प्रश्न येईल. त्यात वडिलांच्या मनाविरुद्ध आलेला मुलगा. पण रंग गेले तरी रेषा त्याच्या हातात होती. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. माप लागतं, नजर लागते, स्थिर हात लागतो. तो यांत्रिक रेखाटन शिकला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागला. ही संस्था 1887 मध्ये सुरू झाली होती. म्हणजे एक दार बंद झालं त्याच सुमारास, त्याच शहरात, दुसरं उघडलं होतं. हे त्याच्या जिद्दीमुळे झालं नव्हतं. नशीब म्हणा किंवा काळ म्हणा, तो भाग बाहेरचा होता. उद्योजकांच्या गोष्टी सांगताना हा बाहेरचा भाग आपण बहुतेक वेळा गाळून टाकतो.

दुसरा प्रसंग: डावललेली बढती

शिक्षकाची नोकरी चांगली चालली होती. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा त्यांच्याऐवजी एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला परत आले.

हा प्रसंग सगळ्यांना आवडतो, कारण त्यात अपमान आहे, स्वाभिमान आहे आणि वळण आहे. सिनेमात इथे पार्श्वसंगीत वाढलं असतं. पण मला एक शंका आली. त्या काळात अशी डावललेली माणसं किती असतील? सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळांत असे अपमान रोजचे होते. त्यातले बहुतेक जण दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांना स्वाभिमान नव्हता असं म्हणायचं का? मला नाही वाटत. घरी चार तोंडं असतील आणि महिन्याचा पगार हाच आधार असेल, तर राजीनामा देणं सोपं नसतं.

लक्ष्मणरावांना ते शक्य झालं, कारण परतायला जागा होती. ती जागा म्हणजे पुढचा प्रसंग.

तिसरा प्रसंग: बेळगावचं सायकल दुकान

मुंबईत असतानाच लक्ष्मणराव बेळगावला सायकली पाठवत आणि इथे रामुअण्णा त्या विकत. तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावी लागे. मोडली तर दुरुस्त करून द्यावी लागे.

या दुकानात पुढच्या सगळ्या उद्योगाचं शिक्षण झालं असं मला वाटतं. लोकांनी कधी न वापरलेली वस्तू त्यांच्या गळी कशी उतरवायची, हे इथे कळलं. दोघा भावांमध्ये कामाची वाटणी कशी करायची, हेही इथेच ठरलं. यंत्र आणि आखणी धाकट्याकडे, व्यवहार आणि माणसं थोरल्याकडे.

सायकलींनंतर कडबा कापण्याचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर बनला, पण कोणी घेईना. लोखंड मातीत गेलं की जमीन नासते, पिकाला विष लागतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण ऑनलाइन फॉर्म भरला आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर ‘रिजेक्ट झालं वाटतं’ म्हणतो. ही दोन वर्षं त्यांनी काढली यात त्यांचा स्वभाव आहेच. पण त्या काळात घर चालायला हवं होतं आणि ‘बंद कर हा उद्योग’ असं घरातून कोणी म्हणायला नको होतं. दोन वर्षं वाट बघणं एकट्या माणसाचं काम नाही.

चौथा प्रसंग: बेळगाव सोडावं लागलं

कारखाना जरा कुठे रुळावर येतोय तोवर नगरपालिकेच्या नव्या वसाहतीच्या योजनेत, म्हणजे आज आपण टिळकवाडी-ठळकवाडी म्हणतो त्या भागाच्या विस्तारात, त्यांची जागा गेली. बिऱ्हाड आणि यंत्रं घेऊन जायचं कुठे? तेव्हा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या मुलखात बोलावलं. हे राजे स्वतः चित्रकार होते. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर माळरानाची जमीन त्यांनी दिली, पैशांचीही मदत केली. निवडुंगाने भरलेला, साप-विंचवांचा माळ होता तो. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज बेळगावहून मिरजेमार्गे पुण्याला जाताना हे स्टेशन लागतं. तेव्हाचं ‘कुंडल रोड’ हे नाव आता कोणाच्या तोंडी नाही.

तिथे जमलेली माणसं बघा. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडलेले पण कल्पक डोक्याचे अनंतराव फळणीकर. रात्रीच्या राखणीला तर शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती, आणि ती विश्वासाची ठरली. ज्याला स्वतःला चित्रकलेचा वर्ग सोडावा लागला, बढती नाकारली गेली आणि गावातून उठावं लागलं, त्या माणसाने इतरांचे जुने दाखले फार तपासले नाहीत. आरंभीच्या आयुष्याचा परिणाम शोधायचाच असेल तर मला तो इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. अपमानामुळे ते कारखानदार झाले की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ज्याच्यावर इतरांनी फुली मारली त्याला पुन्हा उभं करून बघायचं, ही सवय त्या अनुभवांतून आली असावी.

चरित्र वाचताना एक सावधगिरी

हे सगळं लिहून झाल्यावर मी थांबले आणि स्वतःलाच विचारलं, मी जे केलं ते बरोबर आहे का? मला शेवट माहीत आहे. लक्ष्मणराव यशस्वी झाले, 1956 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं नाव देशभर झालं होतं. हे माहीत असल्यामुळे मी त्यांच्या तरुणपणात मागे जाऊन खुणा शोधते. रंग दिसले नाहीत, म्हणून यंत्रांकडे वळले. बढती गेली, म्हणून मालक झाले. गोष्ट छान जमते. पण रंगांधळेपणा असलेले आणि बढती गेलेले जे हजारो लोक कारखानदार झाले नाहीत, त्यांची चरित्रं कोणी लिहिलीच नाहीत. ती लिहिली असती तर त्याच प्रसंगांना आपण ‘म्हणून बिचारा खचला’ असं म्हटलं असतं.

तुलनेला वालचंद हिराचंद घ्या. 1882 मध्ये सोलापूरला जन्म. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. घर कापूस आणि सावकारीचं, म्हणजे व्यापार पाळण्यापासून कानावर. लक्ष्मणरावांच्या घरात वेदांत, यांच्या घरात हिशेब. दोन्ही घरांतून उद्योजक निघाले. शिवाय दोघांनीही घरची वाट सोडलीच. वालचंदांनी सावकारी न करता रेल्वेची कंत्राटं घेतली, पुढे जहाजं काढली. आणि त्यांच्या सुरुवातीलाही एक जोडीदार आहे, लक्ष्मण बळवंत फाटक, आधी रेल्वेत कारकून असलेले. तेव्हा अमुक प्रकारचं घर असलं की उद्योजक होतो, असं काही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टींत सारखं काही असेल तर ते घराबाहेर पडण्याच्या क्षणी शेजारी असलेलं माणूस.

आमच्या घरातली वही

आता मी बैठकीत गप्प का बसले ते सांगते.

माझ्या आईच्या वडिलांची खानापूर भागात बेकरी होती. पाव, बिस्किटं, नाताळात केक. गिऱ्हाईक भरपूर, पण निम्मं उधारीवर. आजोबांचा स्वभाव भिडस्त, मागायला तोंड उघडायचं नाही. मग ते मम्मीला पाठवायचे. ती नऊ वर्षांची होती. लहान पोरीवर कोणी ओरडत नाही, असा त्यांचा हिशेब. मम्मी लाल कापडी पाठीची वही छातीशी धरून दारोदार जायची. लोक ओरडायचे नाहीत, पण ‘पुढच्या आठवड्यात ये हं बाळ’ म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. मम्मी तेरा वर्षांची असताना बेकरी बंद पडली. वही मात्र अजून आमच्या कपाटात आहे. त्यातली कितीतरी नावं खोडलेली नाहीत.

आज मम्मी घरी केक करते. तिच्या हाताला चव आहे, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, आमचा अख्खा पॅरिश सांगेल. पण ती पूर्ण पैसे आधी घेतल्याशिवाय मैदा चाळत नाही. दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी शहरातल्या एका हॉटेलने 40 किलो प्लम केक मागितला. पैसे महिन्याने मिळतील म्हणाले. मम्मीने नाही म्हणून सांगितलं. आम्ही सगळे तिच्यावर चिडलो. ती एवढंच म्हणाली, “तुम्हाला काय कळायचंय गं. दार लावल्याचा आवाज तुम्ही कुठं ऐकलाय?”

माझा दादा आयटीआय करून उद्यमबागेत एका मशिनशॉपमध्ये लागला. चार वर्षांनी त्याने मित्राबरोबर सेकंडहँड लेथ घेऊन स्वतःचं जॉबवर्क सुरू केलं. काम चोख होतं. पण बिलं तीन-तीन महिने अडकायची. दादा आजोबांवर गेलाय, त्यालाही मागता येत नाही. 14 महिन्यांनी लेथ विकावी लागली आणि तो पुन्हा दुसऱ्याकडे कामाला लागला. एकच वही, त्याच घरात. मम्मीला तिने इतकं सावध केलं की ती वाढलीच नाही. दादाने ती कधी उघडून पाहिली नाही आणि तो त्याच खड्ड्यात पडला. बैठकीत ‘चटके बसले की माणूस जिद्दी होतो’ हे वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर हे दोघं होते. चटके दोघांनाही बसले आहेत.

आणि माझा भाग सांगायचा राहिला. गेल्या वर्षी दादाला पुन्हा सुरुवात करायची होती. बँकेच्या कर्जाचा अर्ज इंग्रजीत होता, सोबत प्रकल्पाचा अहवाल लिहून द्यायचा होता. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर बघू. परीक्षा झाली, मी बघितलं नाही. एकदा तो मागे लागला तेव्हा मी त्याला सरळ म्हणाले, “दादा, धंदा करायला लागतं ते तुझ्यात नाही.” तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने मला पुन्हा विचारलंही नाही.

‘घडणे’ आणि ‘घडवणे’

फळ्यावरचा प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा मला आपल्या भाषेतली एक गोष्ट लक्षात आली. मराठीत ‘घडणे’ आहे आणि ‘घडवणे’ही आहे. ‘उद्योजक घडतो’ म्हटलं की वाक्यात एकच माणूस राहतो. ‘घडवला जातो’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी घडवला? आपल्या बैठकीत आम्ही तासभर ‘घडतो’बद्दल बोललो. घडवणाऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही.

माझ्या अभ्यासातून मी एवढं काढते. आरंभीचे अनुभव हा कच्चा माल आहे. अपमान, अपयश, तोटा, आजार, हे सगळं माणसाला पुढेही ढकलतं आणि जागच्या जागी गोठवतंही. ते कोणत्या बाजूला जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं असं मला दिसलं. एक, हातात एखादं खरं कौशल्य आहे का. लक्ष्मणरावांचे रंग गेले, पण रेषा होती. दोन, पडल्यावर परतायला जागा आहे का. मुंबई सुटली तेव्हा बेळगावचं दुकान होतं, बेळगाव सुटलं तेव्हा औंध होतं. तीन, शेजारी एखादा रामुअण्णा आहे का. वडील नाखूश असताना पाठीशी उभा राहणारा, सायकली विकणारा, नांगर खपेपर्यंत थांबणारा.

किर्लोस्कर रोडवरून जाताना ‘किर्लोस्कर’ म्हणजे आपण एकटे लक्ष्मणराव समजतो. त्या रस्त्यावर दुकान चालवायला रोज बसणारा माणूस थोरला भाऊ होता.

चर्चमध्ये तालांतांचा दाखला वाचला जातो तेव्हा मला तिसऱ्या चाकराबद्दल नेहमी वाटायचं, हा एवढा भित्रा का? धन्याचा पैसा जमिनीत का पुरून ठेवला? आता वाटतं, त्याच्या लहानपणी त्याच्याही हातात कोणी वही दिली असेल का?

मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी दादाला म्हटलं, “तो अर्ज आहे का अजून?” त्याने माझ्याकडे बघितलं, काही न बोलता आत गेला आणि फाइल घेऊन आला. वर धूळ नव्हती. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून तीन तास लिहिलं. लेथची क्षमता, महिन्याला किती जॉब, कच्चा माल कोणाकडून, हे तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. त्याला एवढं सगळं तोंडपाठ आहे हे मला माहीत नव्हतं. मम्मी स्वयंपाकघरातून ऐकत होती. ‘येणी वसुली’ या रकान्यापाशी दादा अडकला. तेव्हा मम्मी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “ते माझ्याकडं दे. कोणाला माल द्यायचा, किती दिवस थांबायचं आणि कधी दारात जाऊन उभं राहायचं, ते मी सांगते. वसुली मी करीन. आता मी नऊ वर्षांची नाही.”

कर्ज मिळेल की नाही, माहीत नाही. मिळालं तरी लेथ चालेल की पुन्हा विकावी लागेल, तेही माहीत नाही. या लेखाचा शेवट लिहायला मला लक्ष्मणरावांसारखा आधीच माहीत असलेला उत्तरार्ध नाही. पण अर्ज गेला आहे.

पुढच्या बैठकीसाठी प्रश्न

1. तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या उद्योजकाच्या चरित्रातून त्याच्या मदतनिसांची नावं शोधा. ती किती ठिकाणी येतात? त्यात स्त्रिया किती?

2. ‘चटके’, ‘टक्केटोणपे’, ‘ठोकर’ या शब्दांनी आपण वाईट अनुभवांना शिक्षण ठरवतो. ज्यांना त्यातून फक्त इजा झाली, त्यांच्यासाठी मराठीत कोणते शब्द आहेत?

3. लक्ष्मणरावांची बढती डावलली गेली नसती तर ते आयुष्यभर शिक्षक राहिले असते का? दोन्ही बाजूंनी मांडणी करा.

4. तुमच्या घरात अशी एखादी वही आहे का? तिने घरातल्या कोणाला काय शिकवलं, हे त्यांना विचारून एक पान लिहा. त्यांची परवानगी घ्या. मी मम्मीची आणि दादाची घेतली आहे.